सायकलचं वंगण आणि कोपरगावची बाटली

चहा मिळाला ना सगळ्यांना? साखर कमी वाटली तर गुपचूप घ्या, मोठ्यानं मागू नका. गोडाचा विषय निघाला की आमच्या घरी अजूनही सगळे माझ्याकडे बघतात. का म्हणता? अहो, तेच तर सांगायला बसलोय! असा गाढवपणा माणसाच्या हातून आयुष्यात एखाद्याच वेळी होतो, आणि माझ्या हातून तो नेमका लेकीच्या सासरी झाला.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी थोडी तरी दया येईल.

आमची प्राजू बेलापूरला दिली. श्रीरामपूरजवळचं बेलापूर हो, मुंबईकडचं नव्हे. माणसं शेतीवाडीची, मनानं मोकळी. तिचे सासरे शाळेत क्रीडाशिक्षक होते, आता निवृत्त झालेत. आख्खं गाव त्यांना 'सर' म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणतो. वय माझ्याहून जास्त, पण पोट म्हणाल तर औषधालाही नाही! सायकलवर कुठं कुठं जाऊन आलेला माणूस. साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्हाला कसला छंद?"

आता मी जन्मभर नोकरी केली पाटबंधारे खात्यात. माझा छंद म्हणजे डबा खाल्ल्यावरची डुलकी. पण पोरीच्या सासऱ्यासमोर डुलकी सांगायची का? माझ्या तोंडून निघून गेलं, "सायकल!"

"काय सांगता! रोज?"

"रोज म्हणजे रोज. एक दिवस खाडा झाला तर जेवण जात नाही."

खरं सांगू? कॉलेज सुटल्यापासून माझा हात सायकलला लागला असेल तर तो स्कूटर काढताना तिला बाजूला सारण्यापुरता. पण थाप मारली की ती पोसावी लागते. पुढच्याच रविवारी जाऊन मी गिअरची सायकल आणली आणि नगरला आमच्या सावेडीत पहाटे फिरणाऱ्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. हळूहळू पाय सरावले, थोडं पोटही उतरलं. लग्न झालं, वर्ष होत आलं, आणि मला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण लहानपणापासूनचे सायकलपटू आहोत.

तेवढ्यात संक्रांत झाली आणि सरांचा फोन आला.

"व्याहीबुवा, रविवारी जेवायला या. पण एसटीनं नाही हं, सायकलवर! जेवण झालं की आपण दोघं प्रवरेच्या कडेनं मस्त चक्कर मारू."

मी छाती पुढं काढून 'हो' म्हटलं. फोन ठेवतोय तोच प्राजूचा फोन.

"पप्पा, आईबरोबर एसटीनं या ना."

"का? बापावर विश्वास नाही?"

"बापावर आहे. तुम्ही येऊन पोचालही. पण इथं आल्यावर सायकलचं ज्ञान पाजळू नका, पाया पडते. माझे सासरे त्यातले दर्दी आहेत. आणि ही माणसं लई चांगली आहेत, पण एकदा हसायला लागली ना, की वर्षभर थांबत नाहीत. मला इथं राहायचंय."

म्हणजे आलं ना लक्षात? प्रश्न माझ्या सायकलचा राहिला नव्हता, पोरीच्या माहेरच्या इभ्रतीचा झाला होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझ्या सायकलची साखळी वाजायला लागली. पायडल मारलं की कुर्र... कुर्र... दर्दी माणसाच्या दारात असली कुरकुरणारी सायकल घेऊन जायचं? छे!

मी ग्रुपवर विचारलं, "साखळीला कुठलं वंगण चांगलं?"

अरे देवा! मोहळाला दगड मारला असता तर परवडलं असतं.

एक वकीलसाहेब म्हणाले, "शिवणयंत्राचं तेल. पातळ असतं, आत मुरतं." लगेच एक डॉक्टर त्यांच्या अंगावर आले, "ते दोन दिवसांत उडून जातं! ग्रीस लावा." तिसरा म्हणाला, "ग्रीसला माती चिकटून खडी होते, गाडीचं जळकं ऑइल लावा, गॅरेजवाले फुकट देतात." एकानं खोबरेल सुचवलं. का, तर ते डोक्याला चालतं! त्याला दुसऱ्यानं सुनावलं की थंडीत पहाटे खोबरेल गोठतं, मग साखळी काय उन्हात ठेवून बसायचं? आणि एक पठ्ठ्या तर म्हणाला, साखळी काढून घ्या, मेण वितळवा आणि त्यात ती चांगली तळून काढा.

"तळून?" माझ्या बायकोनं, सुनंदानं, स्वयंपाकघरातून विचारलं. कारण मी हे सगळं मोठ्यानं वाचत होतो. "माझ्या कढईला हात लावून तर बघा!"

शेवटी एका जाणकारानं खरी गोष्ट सांगितली. सायकलच्या साखळीसाठी खास वंगण मिळतं, आणि त्यात दोन जाती. एक कोरडं, एक ओलं. धुळीच्या रस्त्याला कोरडं, चिखलपाण्याच्या रस्त्याला ओलं.

झालं! माझ्यातला पाटबंधारे खात्याचा माणूस जागा झाला. अहो, आमचा जिल्हाच असा आहे की कुठल्याही प्रश्नाची दोन उत्तरं निघतात! नगर सोडलं की आधी माळ आणि धूळ. राहुरीच्या पुढं गेलं की कॅनॉल, ऊस, हिरवंगार. म्हणजे माझा अर्धा रस्ता जिरायत आणि अर्धा बागायत. आता साखळी कुठल्या बाजूची धरायची? मी ग्रुपवर हा मुद्दा मांडला. त्यावर दोन दिवस असं रण पेटलं की वकीलसाहेब ग्रुप सोडून गेले. शेवटी मीच निकाल दिला. सरांबरोबरची चक्कर नदीकाठची आहे, तेव्हा वंगण ओलंच!

सुनंदा म्हणाली, "कशाला नाटकं? माझ्या मशीनचं तेल आहे घरात, ते घाला दोन थेंब."

"बरं," मी म्हटलं, आणि मोबाईलवरून परदेशी बनावटीचं ओलं वंगण मागवलं. मोठी बाटली. किंमत विचारू नका. तेव्हा मी ती सुनंदाला सांगितली नव्हती, तर तुम्हाला कशाला सांगू?

आता ती बाटली घरात ठेवायची कशी? त्यावर किंमत छापलेली. सुनंदाला चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही, पण किंमत मात्र लांबून दिसते. म्हटलं, दुसऱ्या बाटलीत ओतून टाकू. ओट्याखाली एक चपटी, लाल झाकणाची सरबताची बाटली धुऊन उपडी ठेवलेली होती. तिच्यात वंगण ओतलं. मधासारखा रंग, मधासारखंच दाट. झाकण गच्च लावलं आणि बाटली कोठीच्या खोलीतल्या फळीवर लोणच्याच्या बरणीमागं लपवली. कंपनीची बाटली शेजारच्या बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकून आलो. पुरावा नष्ट!

इथं तुम्हाला त्या सरबताच्या बाटलीचा इतिहास सांगायला हवा.

माझी थोरली बहीण, अक्का, कोपरगावला असते. घरचा ऊस, घरचं छोटं गुऱ्हाळ. दरवर्षी ती आम्हाला काकवी पाठवते, ती या असल्या लाल झाकणाच्या चपट्या बाटल्यांतूनच. त्या तिच्याकडे कधीच्या काळापासून आहेत. आणि आपल्यात रीत कशी आहे? कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हणून सुनंदा बाटली धुऊन ठेवते, तिच्यात कधी लिंबाचं सरबत भरते, कधी मध, आणि कोपरगावला धाडते. मग ती काकवी होऊन परत येते. बाटल्या सगळ्या एकसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. आमच्या दोन घरांत इतकी वर्षं त्या येरझाऱ्या घालताहेत, पण त्यांच्यात काय आहे हा प्रश्न कधी पडला नव्हता. कारण त्यांच्यात मी वंगण कधी भरलं नव्हतं!

शनिवारी दुपारी मी झोपलो असताना अक्काच्या ओळखीचं कुणीतरी यंदाच्या काकवीची बाटली देऊन गेलं. सुनंदा म्हणाली, वा, उद्या बेलापूरला न्यायला छान झालं. आणि तिनं ती त्याच फळीवर, लोणच्याच्या बरणीपुढं ठेवली. मला काही बोलली नाही. बोलायचं तरी कशाला? आणि मागच्या बाटलीबद्दल मी तिला बोललो नव्हतो, त्याचं कारण तुम्हाला माहीतच आहे.

रविवारी पहाटे मी उठलो. सुनंदाची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही. किती हा समजूतदारपणा! अंधारात फळीवर हात घातला, हाताला बाटली लागली, ती घेतली आणि खाली पार्किंगमध्ये आलो. मोबाईलच्या उजेडात साखळीला वंगण लावलं. ते थेंब थेंब लावायचं असतं. मी धार धरली. काय तो दाटपणा, काय ती चकाकी! मनात म्हटलं, पैसे वसूल. उरलेली बाटली वाटेत लागली तर असावी म्हणून पाण्याच्या बाटलीच्या जागी अडकवली आणि निघालो.

विळदच्या घाटात सायकल अशी पळाली म्हणता! साखळीचा आवाज नाही, काही नाही. 'याला म्हणतात वंगण,' मी वाऱ्याला सांगितलं. उतारावर पायडल मारावंच लागत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

घाट संपला आणि सपाटी लागली. पायडल जड लागायला लागलं. मला वाटलं, वारं आडवं आहे. थोडं पुढं गेलो तर साखळीतून चिर्र, चिर्र असा आवाज. म्हटलं, वंगण कमी पडलं. उतरलो, पुन्हा धार धरली. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चाललेले, त्यांची धूळ अशी की समोरचं दिसेना. ती सगळी धूळ माझ्या साखळीवर येऊन बसत होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. पुन्हा जड झालं, पुन्हा उतरलो, पुन्हा धार. आता तुम्ही म्हणाल, इतक्या वेळा हात लावून तुम्हाला चिकटपणा जाणवला नाही? जाणवला ना! मला वाटलं, ओलं वंगण म्हणजे असंच असणार.

राहुरीच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. टपरी चालवणाऱ्या मावशींनी चहा दिला आणि सायकलकडं बघून कमरेवर हात ठेवला.

"ओ काका, सायकलीला काय लावलंय वो? माश्या बगा कशा बसल्यात! गांधीलमाश्या बी हायती."

मी वळून पाहिलं. साखळी दिसतच नव्हती, नुसत्या माश्या. तरी मी ज्ञान सोडलं नाही. "मावशी, ते परदेशी वंगण आहे. ओल्या जातीचं."

"आसंल. पन लई ग्वाड दिसतंय."

"वंगण गोड कसं असेल?"

"मंग त्ये कुत्रं काय येड लागल्यावानी चाटतंय?"

टपरीचं कुत्रं खरंच मागच्या चाकाशी बसून डोळे मिटून साखळी चाटत होतं. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की मला शंका आली. मी बाटलीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि जिभेला लावलं.

कोपरगाव! अक्काच्या गुऱ्हाळाची काकवी मी डोळे मिटूनही ओळखीन. उघड्या डोळ्यांनी तेवढी ओळखली नव्हती!

मला आधी हसूच आलं. मग एकदम हसू थांबलं. कारण काकवी जर माझ्या साखळीवर आहे, तर वंगण कुठं आहे? आणि सुनंदा दर वेळी बेलापूरला जाताना पिशवीत काय नेते?

मी लगेच फोन लावला.

"अहो, मी पोचले सुद्धा!" सुनंदा म्हणाली. "तुम्ही कुठं राहिलात?"

"राहुरीला आहे. सुनंदा, तू येताना काकवी आणलीस का?"

"तुम्हाला कसं कळलं? काल अक्कांनी पाठवली ना. लोणच्याच्या बरणीमागं सरकली होती, तिथून काढली. आता धपाटी करतोय, त्यावर घालायचीच आहे."

"ऐक! ती बाटली..."

"थांबा, माझे हात पिठाचे आहेत, प्राजूनं फोन स्पीकरवर टाकलाय. सर, विहीणबाई, सगळे इथंच आहेत. बोला मोठ्यानं."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? सरळ सांगितलं असतं? तुमचं बरोबर आहे. शहाणा माणूस तेच करतो. पण माझ्या डोळ्यांपुढं सगळे एकदम उभे राहिले. सर हसताहेत, सुनंदा किंमत विचारतेय, प्राजू कपाळाला हात लावतेय. आणि मी ओरडलो, "काकवीला कुणी हात लावू नका!"

पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "का वो दादा? काय झालं?"

"काही नाही, काही नाही. ती... यंदाच्या गुऱ्हाळाची पहिली काकवी आहे. अक्कानं बजावलंय. भावानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी खायची नाही. आमच्यात मान असतो तसा."

"आगं बया! पयल्या काकवीचा मान व्हय? बरं झालं सांगितलं दादा, न्हाईतर आमी वतनारच हुतो. या तुमी सावकाश, आमी जेवायचं थांबतो."

फोन ठेवला आणि मला माझंच कौतुक वाटलं. एका थापेत सगळ्यांना वाचवलं! आता आपण पोचायचं, गुपचूप बाटली बदलायची, आपल्याकडची उरलेली काकवी तिथं ठेवायची, की झालं. कुणाला पत्ता लागणार नाही. बाटल्या तर जुळ्याच आहेत!

पण त्यासाठी पोचायला तर हवं ना? राहुरीच्या पुढं ऊन तापलं तशी साखळीवरची काकवी आटली, आणि धूळ मिसळून तिची चिक्की झाली. कडी कडीला चिकटून बसली. पायडल मागंही जाईना, पुढंही जाईना. मी सायकल ढकलत चाललो. सगळे तिकडं माझ्यासाठी उपाशी, आणि मी इकडं बागायत पट्ट्यात पायी!

शेवटी कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निघालेल्या एका ट्रॅक्टरला हात केला. ड्रायव्हर भला माणूस. सायकल ट्रॉलीत टाकली, मी तिच्याशेजारी पाचटात बसलो. बेलापूर दिसायला लागल्यावर त्याला म्हटलं, "इथंच सोड बाबा."

"गावात सोडतो की. कुटं चालत जाता?"

"नको. मी सायकलवर येतोय असं सांगितलंय."

त्यानं माझ्याकडं, मग सायकलकडं बघितलं आणि ट्रॅक्टर थांबवला.

सर दारातच उभे होते. "या या व्याहीबुवा! वा, शाबास! आख्खा रस्ता मारलात की सायकलवर!" मग त्यांनी माझ्या हेल्मेटमधून उसाचं एक लांबलचक पाचट ओढून काढलं, त्याच्याकडं पाहिलं आणि सभ्यपणे बाजूला टाकलं. मी सायकल अंगणातल्या शेवग्याला टेकवली, काकवीची बाटली शर्टाखाली दडवली आणि म्हटलं, "मी जरा स्वयंपाकघरात जाऊन पाणी..."

"आता कुटं सैपाकघरात?" विहीणबाई ओवाळणीचं ताट घेऊनच बाहेर आल्या. "आदी पाटावर बसा. तुमच्यापाई देव बी थांबल्यात!"

आत गेलो आणि बघतो तर काय!

अहो, पाटाभोवती रांगोळी! शेजारी समई. उदबत्तीचा वास घरभर. आणि देवघरात देवांपुढं चांदीची वाटी, वाटीत माझं ओलं वंगण, आणि त्यावर तुळशीचं पान. पहिल्या काकवीचा मान म्हटल्यावर विहीणबाईंनी आधी देवाला नैवेद्य दाखवला होता! बाटली बदलून आता काय उपयोग? माझ्या ताटात गरम धपाटं आणि त्यावर वंगणाची सोनेरी धार. सगळ्यांची ताटं तशीच वाढलेली. तहानभूक विसरून सगळे माझ्याकडं बघताहेत. प्राजूनं मोबाईल वर धरलेला.

"घ्या पप्पा पहिला घास. आत्याला व्हिडिओ पाठवते. खूश होईल."

माझ्या थापेनंच मला पाटावर आणून बसवलं होतं. मी धपाट्याचा तुकडा मोडला. तुमच्यापासून काय लपवायचं, क्षणभर मनात आलं की डोळे मिटून गिळून टाकावा. एका घासानं काय होतंय? पोरीची इभ्रत तर राहील! तुकडा ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात बघतो तर समोर सुनंदानं तिचा तुकडा मोडून तयार धरलेला, सरांनी धरलेला, आणि माझी प्राजू मोबाईल एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं तुकडा मोडतेय. मी खाल्लं की सगळे खाणार होते.

माझ्या हातातनं तुकडा गळाला.

"खाऊ नका! कुणी खाऊ नका! ती काकवी नाही. ते सायकलच्या साखळीचं वंगण आहे."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाटली, फळी, अंधार, कुत्रं, ट्रॅक्टर, सगळं. प्राजूनं मोबाईल खाली ठेवला. तिच्याकडं बघायची माझी छाती होईना.

विहीणबाईंनी हळूच देवघराकडं मान वळवली.

"म्हंजी... मी देवाला वंगान दावलं?"

आणि सर असे फुटले म्हणता! हसता हसता पाटावरून कलंडले. डोळे पुसत म्हणाले, "बरं झालं की गं! इतकी वर्षं गाऱ्हाणी ऐकून देवाचे पण सांधे धरले असतील!" मग विहीणबाई हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. आणि मी भीत भीत बघतो तर प्राजू, माझी लेक, सासूच्या खांद्यावर डोकं टेकून पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं बघून मला रडायलाच आलं. उन्हानं म्हणा, नाहीतर कशानं म्हणा.

सरांनी देवापुढची वाटी उचलली. दोन बोटांत वंगण चोळलं, वास घेतला आणि त्यांचे डोळे चमकले.

"अहो, हा तर अस्सल माल आहे! मी कधीपासून घेईन म्हणतोय, पण किंमत बघून गप्प बसतो."

मी सरांना डोळ्यांनी खुणावलं. हातानं खुणावलं. पण सुनंदा गोड आवाजात म्हणाली, "हो का? साधारण केवढ्याला पडतं हो, सर?"

सरांनी सांगितलं. वर घरपोच आणायचा खर्चही सांगितला. मास्तर माणूस, अर्धवट उत्तर देत नाही. सुनंदा माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाली, "मशीनचं तेल घातलंत ना तुम्ही?" परतीच्या वाटेवर काय काय म्हणाली ते आपल्या चहाच्या वेळेत बसणार नाही.

धपाटी मग दह्याशी खाल्ली. मी शर्टाखालून उरलेली काकवी काढून दिली, पण त्या बाटलीला कुणी शिवेना.

हात धुवायला अंगणात आलो तर सरांची शेळी दावं तोडून सायकलपाशी उभी, आणि साखळीची एकेक कडी मन लावून चाटतेय. इतक्या प्रेमानं माझ्या सायकलची निगा मीही कधी राखली नव्हती. सर म्हणाले, "चला व्याहीबुवा, साखळी साफ झाली. आता खरं वंगण घाला." वाटीतलं निम्मं त्यांच्या साखळीला, निम्मं माझ्या. प्रसाद वाया जाऊ द्यायचा नसतो, असं विहीणबाईंचंच म्हणणं पडलं. आणि आम्ही प्रवरेच्या काठानं खरंच चक्कर मारून आलो. काय सुंदर चालली सायकल! नुसतं एवढंच, की सर पुढं, मी मध्ये आणि माझ्यामागं शेळी.

गावातली पोरंबाळं अजून विचारतात म्हणे, शेळीवाले पाहुणे कधी येणार? प्राजू म्हणाली होतीच, की वर्षभर हसतील.

परवा बेलापूरहून पाहुणा आला. हातात पिशवी, पिशवीत आमची तीच लाल झाकणाची चपटी बाटली. रिकामी परत करायची नाही ना! बाटली भरलेली होती आणि तिच्यावर प्राजूच्या अक्षरात मोठा कागद चिकटवलेला होता. सुनंदानं तो चष्म्याशिवाय वाचला, तोही मोठ्यानं:

'आत घरचं तूप आहे. खायचं आहे. पप्पांनी सायकलला लावू नये. आणि लावलंच तर लगेच कळवा, सासूबाई म्हणतात, शेळी पाठवून देऊ.'